दोन शेड, दोन सर्व्हर आणि एकच फोल्डर: रेप्लिकेशन कसं बसवावं?

कटिंगहॉल

नमस्कार मंडळी,

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत शालेय गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमध्ये मी कामाला आहे. प्लॉटरपासून सर्व्हरपर्यंत कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडेच असतं.

आमच्याकडे प्रत्येक शाळेचा एक फोल्डर असतो. त्यात मापांचा तक्ता, पॅटर्न, ग्रेडिंग करून (पॅटर्न प्रत्येक साइजला लहानमोठा करून) तयार केलेले मार्कर, म्हणजे कापडावर तुकडे कसे बसवून कापायचे त्याचा आराखडा, आणि खिशावरच्या लोगोची भरतकाम मशीनची डीएसटी फाईल. यातल्या बहुतेक फाईली काही केबीच्याच. नमुन्यांचे फोटो आणि स्कॅन तेवढे मोठे. आजवरचं सगळं धरून पाच लाखांच्या आसपास फाईली आणि ९०० जीबी होतात. पहिल्या शेडमध्ये कटिंग, दुसऱ्या शेडमध्ये शिलाई आणि भरतकाम, मध्ये दीडशे मीटर अंतर. शिवाय नवी पेठेत ऑफिस आहे. शाळांची माणसं तिथे येऊन नमुने बघतात, ऑर्डर देतात.

आत्ता पहिल्या शेडमध्ये एकच लिनक्स सर्व्हर आहे, त्यावर सांबा, म्हणजे विंडोज मशीनांना त्यातले फोल्डर दाखवणारं सॉफ्टवेअर. मागच्या मे महिन्यात ऐन हंगामात त्याचा मदरबोर्ड गेला. डेटा शाबूत होता, बॅकअपही होता. पण बोर्ड बदलून मिळेपर्यंत टेबलावर कापडाचे थर अंथरलेले आणि मार्करच निघेना. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत माल पोचला नाही तर त्या शाळेचा गणवेश दुसरीकडे खपत नाही, लोगोच त्यांचा असतो. कटिंगचे मास्तर लोक हात बांधून बसलेले बघवत नव्हते. म्हणून यंदा जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधीच हे मार्गी लावायचं, असं मालकांशी बोलून ठरवलंय. दुसऱ्या सर्व्हरला त्यांनी होकार दिलाय.

अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र जोडणाऱ्या ग्लस्टर एफएसबद्दल मी वाचलं. रेप्लिका २ केलं की दोन्ही सर्व्हरवर तीच फाईल राहते, असं समजलो. मला विचारायचंय ते असं: दोन सर्व्हर पुरतील का? नवी पेठेतही याच पद्धतीने तिसरी प्रत ठेवता येईल का? आणि पॅटर्नचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं, तर एक सर्व्हर पडला की ती मशीनं आपोआप दुसऱ्यावर जातील का?

कुणी प्रत्यक्ष चालवलंय असेल तर सांगा की.

होटगीरोडवाला

भाऊ, फोल्डर दोन मशीनवर सारखा ठेवणारं सिंकथिंग बघितलंत का? दोन्हीकडे टाकायचं, फोल्डर जोडायचा, संपलं. वेगळा क्लस्टर नको, काही नको. माझ्या फोटो स्टुडिओत दोन मशीनवर बिनतक्रार चालू आहे. एकच फाईल दोघांनी बदलली तर एक बदल राहतो आणि दुसरा नावात 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' लागून बाजूला पडतो, हरवत काही नाही.

फक्त फाईल दुसरीकडे जायला थोडा वेळ लागतो आणि लॉक नसतं. तुम्हाला ते चालत असेल तर याच्याइतकं सोपं दुसरं नाही.

विजापूररोड_सर्व्हररूम

रेप्लिका २ करू नका. बाकी सगळं सवडीने वाचा, हे आधी सांगते.

मी इथल्या एका शैक्षणिक संस्थेत सर्व्हर सांभाळते. आमच्याकडे विद्यार्थ्यांच्या होम डिरेक्टरी बरीच वर्षं ग्लस्टरवर होत्या, त्यामुळे तो कुठे साथ देतो आणि कुठे अडतो, दोन्ही जवळून बघितलंय.

तो काम कसं करतो ते थोडक्यात. ग्लस्टरमध्ये मेटाडेटाचा, म्हणजे फाईलींबद्दलच्या माहितीचा, वेगळा सर्व्हर नसतो. प्रत्येक सर्व्हरवर एक डिरेक्टरी द्यायची, तिला ब्रिक म्हणतात, आणि फाईल तिच्यात साध्या एक्सएफएस फाईल सिस्टिमवर नेहमीसारखीच पडलेली असते. दोन्हीकडे लिहिण्याचं काम सर्व्हर आपापसात करत नाहीत, क्लायंट करतो. ज्या मशीनवर व्हॉल्यूम माउंट आहे, म्हणजे वापरायला जोडलेला आहे, ते एकाच वेळी दोन्ही ब्रिकवर लिहितं. त्यातली एक ब्रिक बंद असेल तर चालू असलेल्या ब्रिकवर, त्या फाईलच्याच एक्स्टेंडेड अॅट्रिब्यूटमध्ये, 'समोरच्याचं एवढं राहिलंय' अशी नोंद होते. बंद पडलेला सर्व्हर उठला की सेल्फ-हील डिमन (मागे चालत राहणारा प्रोग्राम) त्या नोंदी बघून राहिलेलं भरून काढतो. इथपर्यंत फार छान आहे.

आता तुमच्या दोन शेडमधली केबल तुटली असं धरा. सर्व्हर दोन्ही चालू आहेत, पण एकमेकांना दिसत नाहीत. पहिल्या शेडमध्ये कुणी एका शाळेच्या लोगोचं माप बदललं. दुसऱ्या शेडमध्ये पंचिंग करणाऱ्याने (भरतकामाची फाईल बनवणाऱ्याने) त्याच लोगोत शाळेच्या नावातली वेलांटी दुरुस्त केली. केबल जोडल्यावर पहिली ब्रिक म्हणते समोरचं जुनं आहे, आणि दुसरी ब्रिकही तेच म्हणते. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात. ग्लस्टर अशा फाईलला हात लावू देत नाही, उघडायला गेलं की इनपुट-आउटपुट एरर येतो. मग तुम्ही बसून ठरवायचं: शेवटी बदललेली घ्यायची, मोठी घ्यायची की अमुक ब्रिकवरची घ्यायची. तिन्ही पर्यायांना आज्ञा आहेत. पण बरोबर फाईल कोणती हे आज्ञेला कळत नाही. तुमच्या धंद्यात याचा अर्थ हजार शर्टांच्या खिशावर चुकलेली वेलांटी.

यावर कोरम, म्हणजे बहुमताची अट, लावता येतो. पण दोघांतच बहुमत कसं ठरवणार? रेप्लिका २ वर क्लायंट-कोरम 'ऑटो' ठेवला तर यादीतली पहिली ब्रिक चालू असल्याशिवाय लिहिता येत नाही. म्हणजे दुसरा सर्व्हर पडला तर काम चालू राहतं, पहिला पडला तर सगळंच अडतं. मग दुसऱ्या सर्व्हरवर केलेल्या खर्चाचा निम्मा उपयोगच गेला. कोरम काढून टाकला तर वर सांगितलेली वेलांटी. दोघांच्या भांडणाला तिसरा पंच लागतो, इथेही तसंच आहे.

तो पंच स्वस्तात मिळतो. ग्लस्टरमध्ये त्याला आर्बिटर म्हणतात. तिसऱ्या ब्रिकवर फाईलची फक्त नावं आणि मेटाडेटा राहतो, आतला मजकूर नाही. जागेचा अंदाज फाईलमागे ४ केबी धरून करतात. पाच लाख फाईलींना साधारण २ जीबी. जुना डेस्कटॉप आणि एक छोटा एसएसडी यावर हे काम होतं. व्हॉल्यूम बनवताना रेप्लिका २ आर्बिटर १ असं लिहायचं, ब्रिकच्या यादीत शेवटची असते ती आर्बिटर. जुन्या लेखांत रेप्लिका ३ आर्बिटर १ दिसेल, ते वेगळं काही नाही.

पण ते तिसरं मशीन ठेवणार कुठे, याला मी सॉफ्टवेअरपेक्षा जास्त महत्त्व देते. दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर आणि एकाच एसीच्या भरवशावर असतील तर मे महिन्यात एसी बंद पडल्यावर दोन्ही एकदमच तापून बंद होतील. सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो तेव्हा बंद पत्र्याच्या शेडमध्ये काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. एक सर्व्हर पहिल्या शेडमध्ये, एक दुसऱ्या शेडमध्ये, आणि पंच गेटजवळच्या ऑफिसात, तिघांना वेगवेगळे यूपीएस. पंचाची केबलही या दोघांपैकी एका शेडमधल्या स्विचमधून फिरवून आणू नका. तसं केलंत तर तो स्विच गेला की एक सर्व्हर आणि पंच दोन्ही एकदम गेले, आणि उरलेला एकटा सर्व्हर बहुमत नाही म्हणून थांबणार. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच होणार नाही.

आणि दोन शेडमध्ये तांब्याची केबल टाकू नका. एक तर १०० मीटरच्या पुढे तिचा भरवसा नाही, तुमचं अंतर दीडशे आहे. दुसरं म्हणजे आपल्याकडचा वळीव. वीज एका शेडजवळ पडली तर तांब्यावरून ती दोन्हीकडच्या पोर्टपर्यंत पोचू शकते. फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही. फक्त आत लोखंडी तार किंवा धातूचं कवच नसलेली फायबर मागा.

नवी पेठेचं उत्तर: या पद्धतीने नको. एक फाईल तयार होताना लुकअप, लॉक, नोंद, लिहिणं, परत नोंद, लॉक सोडणं अशा बऱ्याच फेऱ्या होतात. समजा दहा फेऱ्या, आणि शहरातल्या ब्रॉडबँडवर प्रत्येक फेरी १० मिलिसेकंदांची. एका फाईलला ०.१ सेकंद. पाच हजार फाईलींचा फोल्डर कॉपी केला तर ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांच्या वर, आणि तेवढा वेळ कटिंगवालाही थांबणार, कारण तिसरीकडून उत्तर आल्याशिवाय लिहिणं पुरं होत नाही. नवी पेठेला प्रत मागाहून पोचली तर काही बिघडत नाही. तिथे होटगीरोडवाल्यांनी सांगितलेलं सिंकथिंग खरंच बरं आहे. त्यात एमआयडीसीची बाजू 'फक्त पाठवणारी' आणि ऑफिसची 'फक्त घेणारी' ठेवा. पहिल्यांदा मात्र डिस्कवर भरून गाडीने न्या. १०० एमबीपीएस अपलोड पूर्ण वेगाने मिळालं तरी ९०० जीबीला २० तास लागतात.

विंडोजसाठी ग्लस्टरचा स्वतःचा क्लायंट नाही, त्यामुळे वर सांबा ठेवावाच लागेल. दोन्ही सर्व्हरवर एकाच वेळी सांबा चालवायचा तर सीटीडीबी हवंच. ते नसेल तर पहिल्या सर्व्हरवर कुणी फाईल लॉक केली हे दुसऱ्यावरच्या सांबाला कळत नाही, आणि दोघं एकाच मार्करवर लिहितात.

एक गोष्ट लपवून ठेवणं बरोबर नाही. छोट्या फाईली हा ग्लस्टरचा कमकुवत भाग आहे. हजारो फाईलींचा फोल्डर उघडायला विंडोजवर जो वेळ लागतो त्याने माणसं वैतागतात. आणि रेड हॅटने त्यांच्या ग्लस्टर उत्पादनाचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला संपवला. प्रकल्प खुला आहे, वापरता येतो, पण आज नव्याने काही उभं करताना हे डोळ्यांसमोर असू द्या.

पुण्यातला_सोलापूरकर

ताईंनी तिसऱ्या मशीनचं सांगितलं ते शंभर टक्के. पण मग छोट्या फाईली, सगळे क्लायंट विंडोज, सगळं सांबातून, एकाच आवारात. यात ग्लस्टर हवाच कशाला? डीआरबीडी घ्या.

ती फाईल सिस्टिम नाही, तिच्या खालचा थर आहे. एका सर्व्हरच्या डिस्कवर जो ब्लॉक लिहिला जातो तोच ब्लॉक नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरच्या डिस्कवर लिहिला जातो. त्याच्यावर तुमचं नेहमीचं एक्सएफएस. प्रोटोकॉल सी ठेवला की दोन्ही डिस्कवर पोचल्याशिवाय लिहिणं पुरं झालं असं धरत नाही. वाचणं, यादी काढणं, फाईल शोधणं हे सगळं स्थानिक डिस्कच्या वेगाने, कारण ते खरंच स्थानिक डिस्कवरूनच होतं. लिनक्स कर्नलमध्ये २.६.३३ पासून, म्हणजे २०१० पासून आहे.

अट एकच. एका वेळी एकच सर्व्हर प्रायमरी. दोन्हीकडे एक्सएफएस माउंट करायचं नाही. तसं केलं तर फाईल सिस्टिमची वाट लागते. प्रायमरी पडला की दुसरा प्रायमरी होतो, माउंट करतो, सांबा सुरू करतो आणि व्हर्च्युअल आयपी, म्हणजे जो सर्व्हर चालू त्याच्याकडे जाणारा नेटवर्कचा पत्ता, आपल्याकडे घेतो. विंडोजवाले त्या आयपीलाच जोडलेले असतात.

आणि पंच इथेही मिळतो. आवृत्ती ९ मध्ये तिसरं मशीन बिनडिस्कचं जोडता येतं, ते फक्त मत देतं. एसएसडीसुद्धा नको. कर्नलबरोबर येते ती मात्र ८.४ ची मालिका आहे, त्यात हे नाही. ९ चं मॉड्यूल वेगळं बसवावं लागतं.

कटिंगहॉल

ताई, दादा, मनापासून आभार. एवढं नीट कुणी समजावलं नव्हतं. फायबरचं तर डोक्यातच नव्हतं. केबल टाकणाऱ्याने कॅट सिक्सचाच भाव दिला होता, तो आजच थांबवतो.

दादा म्हणाले तसे सगळे क्लायंट विंडोजच आहेत. एका भरतकाम मशीनला पेनड्राइव्हनेच फाईल द्यावी लागते, तिचा प्रश्न नाही. दोन्ही सर्व्हरमध्ये ४ टीबीच्या डिस्क रेड १ मध्ये (दोन डिस्कवर तोच डेटा), रॅम १६ जीबी.

आता निवड कशी करू? सर्व्हर बदलताना मिनिटभर काम थांबलं तर आमचं काही अडत नाही. दिवसभर थांबलं तर अडतं.

विजापूररोड_सर्व्हररूम

तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत उत्तर आहे. मिनिटभराची थांबणूक चालते म्हणताय, तर दोन्ही सर्व्हर एकाच वेळी चालवायची गरज उरली नाही. डीआरबीडी करा. तुमच्या जागी मी असते तर तेच केलं असतं. शेकडो लिनक्स क्लायंट, मोठ्या फाईली, पुढे सर्व्हर वाढवत न्यायचे, असं असतं तर ग्लस्टरचा विचार मी पुढे नेला असता.

पुण्याच्या दादांच्या बोलण्यात एक भर घालते. डीआरबीडी ब्लॉक जसाच्या तसा पाठवतो, म्हणजे वरचं एक्सएफएस बिघडलं तर बिघाडही दोन्हीकडे सारखाच पोचतो. ग्लस्टरमध्ये प्रत्येक ब्रिकची फाईल सिस्टिम वेगळी असते, तिथे हा धोका कमी. आणि कुणी फोल्डर पुसला, किंवा एखाद्या विंडोज मशीनमध्ये रॅन्समवेअर शिरलं, तर डीआरबीडी असो, ग्लस्टर असो की सिंकथिंग, ते पुसणं दुसरीकडेही इमाने इतबारे होतं. तुमचा आत्ताचा बॅकअप आहे तो बंद करू नका. दुसरा सर्व्हर आला की 'आता दोन प्रती आहेत' म्हणून बॅकअपकडे दुर्लक्ष होतं, हे मी जवळून बघितलंय आणि त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण गेलेलं काम कुणाचं तरी वर्षभराचं असतं. रात्री रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअपच्या प्रोग्रामने नवी पेठेतल्या वेगळ्या डिस्कवर जुन्या तारखांसकट प्रत जाऊ द्या. सिंकथिंगच्या फोल्डरपेक्षा ती वेगळी डिस्क हवी.

आता बांधणीचं. खाली रेड १, त्यावर एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा थर), त्यावर डीआरबीडी, त्यावर एक्सएफएस, असा क्रम ठेवा. मध्ये एलव्हीएम असलं की पुढे जागा वाढवता येते आणि मोठ्या बदलाआधी स्नॅपशॉट घेता येतो. डीआरबीडीचा व्हॉल्यूम अख्खा ४ टीबीचा करू नका. पहिल्यांदा तो सगळं डिव्हाइस सिंक करतो, त्यावर डेटा किती आहे हे त्याला माहीत नसतं. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबी धरले तर ४ टीबीला दहा तास लागतात. २ टीबी घेतलंत तर पाच. ९०० जीबीला ते सध्या पुरतं आणि वाढवायला मागे जागाही राहते.

दोन सर्व्हरमध्ये रेप्लिकेशनसाठी स्वतंत्र पोर्ट आणि फायबरची स्वतंत्र जोडी द्या. विंडोजवरून येणारी फाईल आणि समोरच्या सर्व्हरला जाणारी तीच फाईल एकाच पोर्टवर आणलीत तर हंगामात गर्दी होईल. बजेट असेल तर ही एवढी जोडणी १० गिगाबिटची करा, दोनच कार्डं आणि दोनच मॉड्यूल लागतात.

कॉन्फिगरेशनमध्ये प्रोटोकॉल सी, कोरम मेजॉरिटी, आणि कोरम गेल्यावर काय करायचं तिथे आयओ-एरर. पंचाची मशीन डिस्क 'नन' देऊन जोडा. सर्व्हर बदलण्यासाठी पूर्वी पेसमेकर आणि कोरोसिंक वापरायचे, आजही वापरतात, पण एकट्या माणसाला ते सांभाळायला जड जातं. डीआरबीडी-रिअॅक्टर नावाचा छोटा डिमन आहे, त्याच्या प्रमोटर प्लगिनमध्ये क्रम लिहायचा: आधी माउंट, मग सांबा, मग व्हर्च्युअल आयपी. कोरम डीआरबीडीच बघतो, रिअॅक्टर फक्त त्याच्या इशाऱ्यावर चालतो. माउंट आणि सांबा बूट होताना आपोआप सुरू होणार नाहीत असं करून ठेवा. ते काम आता रिअॅक्टरचं.

सांबाचे युजर आणि पासवर्ड एका डेटाबेसमध्ये असतात, तो सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर राहतो. तो डीआरबीडीवरच्या फोल्डरमध्ये हलवा आणि सांबाला तो रस्ता दाखवा. नाहीतर दुसरा सर्व्हर उभा राहील, फाईली दिसतील, पण पासवर्ड कुणाचाच चालणार नाही. युजरचे लिनक्सवरचे यूआयडी (ओळखक्रमांक) दोन्हीकडे एकच ठेवा, हे त्याच्याइतकंच गरजेचं.

कर्नल अपडेटबद्दल दादांनी ओझरतं सांगितलं, मी जरा जोरात सांगते. ९ चं मॉड्यूल कर्नलबाहेरचं आहे. कर्नल बदलला आणि मॉड्यूल त्याच्यासाठी नव्याने बांधलं गेलं नाही, तर तो सर्व्हर रीबूटनंतर क्लस्टरमध्ये येणारच नाही. आपोआप होणारे कर्नल अपडेट बंद करा. हाताने करताना आधी पंच, मग सेकंडरी, सगळं हिरवं दिसलं की प्रायमरीची भूमिका बदलून मग उरलेला. एप्रिल ते जून कर्नलला हात लावू नका.

होटगीरोडवाला

ताई, नवी पेठेत सिंकथिंग 'फक्त घेणारं' ठेवायला सांगितलंत, पण तिथे बसलेल्या माणसाने नवीन ऑर्डरचं माप टाकायचं कुठे? ते तर एमआयडीसीला पोचायला हवं ना?

विजापूररोड_सर्व्हररूम

बरोबर विचारलंत, तो भाग माझ्याकडून राहिला. ऑफिसमधून येणाऱ्या गोष्टींसाठी एक वेगळा फोल्डर करा, 'आवक' म्हणा हवं तर. त्याची दिशा उलटी: ऑफिस पाठवणार, एमआयडीसी घेणार. कटिंगकडचा माणूस त्यातून बघून शाळेच्या मूळ फोल्डरमध्ये घेईल. एका फोल्डरमध्ये लिहिणारी बाजू एकच राहिली की कॉन्फ्लिक्टची फाईल तयार व्हायला जागाच उरत नाही. सिंकथिंग मात्र व्हर्च्युअल आयपी असलेल्या सर्व्हरवरच चाललं पाहिजे. त्याचा सेटिंगचा फोल्डर डीआरबीडीवर ठेवा आणि रिअॅक्टरच्या यादीत सांबानंतर त्याचं नाव घाला.

कटिंगहॉल

हे सगळं छापून सर्व्हरच्या कपाटावर लावतो. शेवटचं एक विचारतो. बसवून झाल्यावर ते खरोखर चालतंय याची खात्री कशी करून घ्यायची? मे महिन्यात पहिल्यांदा परीक्षा व्हायला नको.

विजापूररोड_सर्व्हररूम

सुट्टीच्या दिवशी, मास्तर लोक नसताना करा. शाळांच्या काही जुन्या फोल्डरांचे शा-२५६ चेकसम (फाईल बदलली का ते ओळखायचा आकडा) आधी काढून ठेवा. एका विंडोज मशीनवरून मोठा फोल्डर कॉपी करायला लावा आणि कॉपी चालू असताना दोन सर्व्हरमधली रेप्लिकेशनची फायबर काढा. प्रायमरीला पंच दिसतोय, त्यामुळे त्याने काम चालू ठेवलं पाहिजे. फायबर परत लावली की मधल्या काळातले बदललेले ब्लॉक तेवढेच सिंक होतात, ते किती वेळात होतं ते बघा.

मग पुन्हा कॉपी लावून प्रायमरीची वीज थेट बंद करा. शटडाउनची आज्ञा नको, प्लग काढा, कारण खरा मदरबोर्ड सांगून जात नाही. विंडोजवरची ती कॉपी तुटेल, ते अपेक्षित आहे. दुसरा सर्व्हर किती वेळात शेअर दाखवतो ते घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा मालकांना सांगून ठेवा. चेकसम परत काढून जुळवा. त्यानंतर पंच बंद करून बघा: दोन सर्व्हर चालू आहेत तोवर काहीच फरक पडायला नको. शेवटी पंच आणि एक सर्व्हर दोन्हींचे प्लग काढा. उरलेल्याने लिहिणं नाकारलं पाहिजे. तो लिहू देत असेल तर कोरम लागलेला नाही, कॉन्फिगरेशन पुन्हा तपासा.

यानंतर दर महिन्याला एका रविवारी डीआरबीडीचं व्हेरिफाय चालवा. त्यासाठी कॉन्फिगरेशनमध्ये व्हेरिफाय-अल्गोरिदम लिहून ठेवावा लागतो. दोन्ही डिस्कवरचे ब्लॉक ते ताडून बघतं, पण तफावत सापडली तर फक्त खूण करतं, दुरुस्त करत नाही. दुरुस्तीसाठी सेकंडरीवर एकदा डिस्कनेक्ट करून कनेक्ट करायचं, मग खूण केलेले ब्लॉक प्रायमरीवरून येतात. तफावत दर महिन्याला सापडत राहिली तर रॅम आणि नेटवर्क कार्ड तपासायला घ्या, आणि लॉगमधल्या ओळी इथे टाका, मी बघते.